चांगल्या डोळ्याकडून उसने दोन मिलिमीटर

5 मार्च 2023, रविवार. सिंक तुंबलं होतं. आदल्या रात्री आणलेले कॉस्टिक सोड्याचे दाणे आत टाकले, वरून उकळतं पाणी ओतलं आणि आतली खळखळ एकदम का थांबली म्हणून वाकून बघितलं. एवढंच. त्यानंतरची अडीच वर्षं त्या एका वाकण्यात गेली.

उजव्या डोळ्यात उडालं. नळाखाली डोळा धरला, पण दोन-तीन मिनिटंच. आग जरा कमी झाली, म्हणून म्हटलं आता दवाखाना गाठू. सगळ्यात मोठी चूक ती. आम्ल डोळ्यात गेलं तर वरची प्रथिनं गोठतात आणि तो गोठलेला थर पुढचं नुकसान थोडंफार अडवतो. कॉस्टिक सोडा म्हणजे अल्कली, आणि अल्कलीचं तसं नाही. ते पेशींच्या आवरणातल्या चरबीचा अक्षरशः साबण करतं आणि आत उतरत राहतं. आग कमी झाली म्हणजे संकट टळलं, असं मुळीच नसतं. तिथल्या नसाच जळाल्या असू शकतात.

अपघात विभागात नर्सने आधी पापणीच्या कडेला कागदाची पट्टी लावून पीएच बघितला आणि मग सलाइनच्या बाटल्या एकामागून एक रिकाम्या केल्या. पट्टीचा रंग सातच्या आसपास येऊन थांबेपर्यंत पाऊण तास गेला. वरची पापणी उलटवली तेव्हा आत सोड्याचे दोन दाणे निघाले. म्हणजे मी गाडीत बसून येत होतो तेव्हाही काम चालूच होतं. ड्यूटीवरचे डॉक्टर म्हणाले, "घरीच अर्धा तास धुऊन मग निघाला असतात तर फरक पडला असता." रागावून नाही म्हणाले, पण तो अर्धा तास मी अजून मोजतो. तुम्ही हे सगळं वाचणार नसाल तर एवढं तरी लक्षात ठेवा: आधी अर्धा तास साधं पाणी, मग दवाखाना. लिंबू, व्हिनेगर असला कुठलाही उतारा नको.

पहिल्या आठवड्यात डोळ्यावर गर्भावरणाचा पातळ पापुद्रा शिवला. सिझेरियनच्या वेळी आईच्या संमतीने मिळालेली वार तपासतात आणि तिच्यावरचं हे आवरण साठवून ठेवतात. जळलेल्या डोळ्यावर ते पट्टीसारखं काम करतं. त्याने दाह कमी झाला, पण डोळा काही निवळला नाही. चार महिन्यांनी उजव्या डोळ्याला मीटरभरावरची बोटं कशीबशी मोजता येत होती. उजेड म्हणजे वाळू फेकल्यासारखा. पांढऱ्या भागावरच्या लाल रेघा हळूहळू काळ्यावर चढत होत्या, आणि आरशात ते बघणं मी बंद केलं होतं.

तेव्हा ज्यांच्याकडे जात होतो त्यांनी सरळ उपाय सांगितला: कॉर्निया बदलायचा. नेत्रदानातून मिळणाऱ्या कॉर्नियाच्या यादीत नाव घातलं. फॉर्म भरला, फोनची वाट बघत चार महिने काढले. ताई (माझी थोरली बहीण, या सगळ्या प्रवासात माझा दुसरा डोळा तीच होती) म्हणाली, "फोन येईपर्यंत अजून एकाला दाखवू. विचारायला काय जातंय?" विचारलं म्हणून वाचलो.

नोव्हेंबर 2023. दुसऱ्या डॉक्टरांनी स्लिट लॅम्पमधून (डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्रातून) बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "कॉर्निया आत्ता बसवला तर टिकणार नाही. तुमची कड गेलीय."

ही कड काय भानगड आहे ते मला तीन भेटींत समजलं, म्हणून सावकाश सांगतो. कॉर्निया म्हणजे बुबुळावरची काच, जेमतेम अर्धा मिलिमीटर जाडीची. तिच्यात रक्तवाहिनी नसते, म्हणून तर ती पारदर्शक. तिच्यावर पाच ते सात थरांचं पेशींचं अस्तर असतं. ते सतत झडतं आणि साधारण आठवडा-दहा दिवसांत सगळं नवं होतं. या नव्या पेशींचा पुरवठा होतो काळ्या आणि पांढऱ्याच्या सीमेवरून. त्या गोल कडेला लिंबस म्हणतात, आणि मूळपेशी, म्हणजे स्टेम सेल, तिथे राहतात. 1980 च्या दशकापर्यंत हे पक्कं माहीतसुद्धा नव्हतं. ही कड दुसरंही एक काम करते. पांढऱ्यावरची त्वचा, तिच्यातल्या रक्तवाहिन्यांसकट, ती काचेवर चढू देत नाही. माझी कड घड्याळाच्या बाराही आकड्यांपाशी जळली होती. दात्याचा कॉर्निया बसवला असता तर त्याच्यासोबत आलेलं अस्तर काही काळ टिकलं असतं, झडलं असतं, आणि नवं द्यायला मागे कोणीच नव्हतं. शेताचा बांध वाहून गेलेला आणि आम्ही नवीन बियाणं शोधत होतो.

घरी येऊन वाचत बसलो. जगातलं पहिलं यशस्वी कॉर्निया प्रत्यारोपण 7 डिसेंबर 1905 रोजी नेत्रतज्ज्ञ एदुआर्द त्सिर्म यांनी ओलोमोऊत (आजचं चेक प्रजासत्ताक) इथे केलं. रुग्ण होता अलोइस ग्लोगर नावाचा कामगार, आणि त्याचे डोळे चुन्याने भाजले होते. चुना म्हणजे अल्कलीच. मग त्याचा कॉर्निया कसा टिकला? डॉक्टरांना विचारलं तर ते हसले: "त्याची कड बरीचशी शाबूत राहिली असणार." मला त्या ग्लोगरचा थोडा हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

मग पर्याय. माझा डावा डोळा चांगला होता, ही या सगळ्यातली एकमेव नशिबाची गोष्ट. त्याच्या कडेचा तुकडा काढून उजव्यावर लावायचा, ही कल्पना जुनी आहे. 1989 मध्ये केनियन आणि त्सेंग यांनी तशा शस्त्रक्रियांचे निकाल मांडले होते. पण त्यात चांगल्या डोळ्याच्या कडेचा मोठा हिस्सा घ्यावा लागतो आणि घेता घेता तोच डोळा आजारी पडण्याची भीती असते. 1997 मध्ये इटलीत ग्रात्सिएला पेलेग्रिनी, मिकेले दे लुका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट काढली. चांगल्या डोळ्यातून मिलिमीटरभराचा कण घेतला, प्रयोगशाळेत त्याच्या पेशींची चादर वाढवली आणि ती दोन रुग्णांच्या जळलेल्या डोळ्यांवर बसवली. युरोपात या पद्धतीला 2015 मध्ये औषध म्हणून सशर्त मान्यता मिळाली. तिसरा पर्याय हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्थेतला. डॉ. वीरेंद्र सांगवान यांच्या चमूने 2012 मध्ये तो मांडला, नाव स्लेट (सिंपल लिंबल एपिथेलियल ट्रान्सप्लांटेशन या नावाची आद्याक्षरं). त्यात प्रयोगशाळा लागतच नाही. छोट्याशा तुकड्याचे बारीक कण करून, गर्भावरण अंथरून, ते थेट जळलेल्या डोळ्यावर चिकटवतात. चादर डोळ्यावरच वाढते. आज कित्येक डॉक्टर हाच पर्याय आधी सुचवतात, कारण खर्च आणि खटाटोप दोन्ही कमी.

मला ज्या रुग्णालयात पाठवलं तिथे चादर वाढवण्याचा संशोधन प्रकल्प चालू होता. मी त्यात बसलो. म्हणजे बसायला चार महिने लागले.

जानेवारी 2024 मध्ये पहिली भेट. त्यांना अपघाताच्या दिवसाचे मूळ कागद हवे होते. माझा अपघात विभागाचा कागद थर्मल प्रिंटचा होता आणि वर्षभरात तो कोरा पांढरा झाला होता! नुसती तारीख सिद्ध करायला तीन चकरा आणि एक अर्ज. कागद मिळाल्या दिवशीच त्याचा फोटो काढून ठेवा, हा सल्ला मी हल्ली भेटेल त्याला देतो. मार्चमध्ये तपासण्या झाल्या. डोळ्यावर गाळणकागदासारखी चकती दाबून वरच्या पेशी उचलतात आणि काचेवर काळ्यापेक्षा पांढऱ्या भागाच्या पेशी जास्त आहेत का ते बघतात. दुखत नाही, विचित्र वाटतं. अश्रू किती येतात ते मोजायला पापणीत पट्टी अडकवतात. कोरड्या डोळ्यावर चादर तग धरत नाही. रक्ताच्या तपासण्यांमध्ये एचआयव्ही, कावीळ बी आणि सी, सिफिलिस होतं. ते बघून मी गोंधळलो, तेव्हा को-ऑर्डिनेटर मॅडमनी समजावलं: "पेशी तुमच्याच आहेत, पण प्रयोगशाळेत त्यांच्या शेजारी दुसऱ्या कुणाच्याही असतात." पापणी आतून डोळ्याला चिकटली होती. ती सोडवायची शस्त्रक्रिया एप्रिलमध्ये वेगळी झाली, कारण डोळा शांत असल्याशिवाय पुढे जायचंच नाही असा नियम होता.

संमतिपत्र सव्वीस पानांचं. घरी न्यायला देतात, न्याच. मी पेन्सिलीने खुणा करत वाचलं आणि तरीही बारावं पान नीट वाचलं नाही. तिथे स्पष्ट लिहिलं होतं की बायॉप्सी (चांगल्या डोळ्यातून तुकडा घेणं) झाली म्हणजे प्रत्यारोपण होईलच असं नाही. वाचलं होतं, पण डोक्यात शिरलं नव्हतं. उरलेल्या पेशी संशोधनाला वापरू का, हा प्रश्न वेगळ्या पानावर होता. तिथे 'नाही' म्हटलं तरी उपचार थांबत नाहीत, हे विचारून घ्या. मी 'हो' म्हटलं.

पैशाचं आत्ताच सांगून टाकतो. पेशी वाढवणं आणि बसवणं प्रकल्पाच्या खात्यावर होतं. प्रवास, राहणं, औषधं, पापणीची शस्त्रक्रिया माझ्या. सगळं मिळून साधारण सात महिन्यांचा पगार गेला, आणि त्यातला दीड महिन्याचा पगार नुसत्या थेंबांवर. विमा कंपनीने 'प्रायोगिक' हा शब्द बघितल्याबरोबर पूर्ण दावा परत पाठवला. मग रुग्णालयाकडून पापणीच्या शस्त्रक्रियेचं बिल आणि डिस्चार्ज कार्ड वेगळं करून घेतलं, कारण ती नेहमीची शस्त्रक्रिया आहे. तेवढा दावा मंजूर झाला. बिलं एकत्र बांधली जाण्याआधीच हे बोलून ठेवलं असतं तर अकरा आठवडे वाचले असते.

18 जून 2024, मंगळवार, पहिली बायॉप्सी. डाव्या, म्हणजे चांगल्या डोळ्याची. टेबलावर पडल्यावर लक्षात आलं की आजवर इतक्या वेळा उजव्या डोळ्याला सुया लागल्या, टाके पडले, मला भीती अशी वाटलीच नव्हती. त्या डोळ्याकडे घालवण्यासारखं काही नव्हतं. आज होतं. भुलेचे थेंब, एक बारीक इंजेक्शन, वीसेक मिनिटं. वरच्या बाजूने दोन मिलिमीटरचा तुकडा निघाला. तुकडा म्हणजे काय, नखाच्या कोपऱ्याएवढी साल. शिवाय माझं रक्त काढलं. पेशींना वाढताना जे पोषण लागतं त्यात माझ्याच रक्तातला सीरम वापरणार होते. इटलीच्या मूळ पद्धतीत उंदराच्या निष्क्रिय केलेल्या पेशींवर माणसाच्या पेशी वाढवतात. इथे गर्भावरणावर वाढवणार होते, प्राण्याचं काही न वापरता.

आणि मग ती रात्र. चांगल्या डोळ्यावर पट्टी, उजव्याला दिसत नाही, म्हणजे सकाळपर्यंत मी पूर्ण आंधळा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं असं नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता. ताईच्या खांद्यावर हात ठेवून बाथरूमपर्यंत गेलो. ती पावलं मोजत होती: "सहा... आता उंबरा... हां." परत येताना मी म्हटलं, "ताई, डावा पण गेला तर?" ती म्हणाली, "झोप आता." थोड्या वेळाने अंधारातूनच आवाज आला, "गेला तर मी आहेच की." तेव्हा रडू आलं आणि पट्टी ओली झाली. सकाळी नर्सने विचारलं, पाणी कसं काय लागलं.

तुमच्यावर अशी वेळ आली तर त्या रात्री सोबत माणूस हवंच. खोलीतल्या वाटेवरच्या खुर्च्या आधी हलवा. फोन आवाजावर चालेल असा करून ठेवा. सकाळी पट्टी निघाली तेव्हा समोरची भिंत जशीच्या तशी होती. डोळा चारेक दिवस खुपला, मग विसरलो.

प्रत्यारोपणाची तारीख 4 जुलै ठरली होती. रजा टाकलेली, बॅग भरलेली. 2 जुलैला संध्याकाळी फोन आला. वाढ आठव्या दिवसापासून मंदावली, चादर निकषाला उतरली नाही, शस्त्रक्रिया रद्द. मॅडमचा आवाज इतका हळू होता की मी त्यांनाच म्हटलं, "असू दे, असू दे." फोन ठेवल्यावर मात्र बारावं पान काढून वाचलं.

पुढच्या भेटीत मी जरा चिडून विचारलं, अर्धीमुर्धी का असेना, चादर बसवायची होती ना. डॉक्टरांनी 2010 च्या इटलीतल्याच एका मोठ्या अभ्यासाचे आकडे सांगितले. 112 रुग्ण, एकूण तीन चतुर्थांशांहून थोड्या जास्त लोकांना कायमचा गुण आला. पण वाढवलेल्या पेशींमध्ये खऱ्या मूळपेशींची खूण तीन टक्क्यांहून जास्त होती तिथे यश 78 टक्के, आणि तीन किंवा कमी होती तिथे अवघं 11. चादर दिसायला दोन्हीकडे सारखीच. "खराब चादर बसवण्यासाठी काचेवर चढलेला रक्तवाहिन्यांचा पडदा सोलायचा, तर आहे तोही डोळा बिघडेल," ते म्हणाले. माझा राग तिथेच संपला असं नाही, पण त्याला बसायला जागा उरली नाही.

आता प्रश्न असा की पुन्हा चांगल्या डोळ्यातून तुकडा घ्यायचा का. प्रकल्पाच्या नियमांत दुसऱ्या बायॉप्सीला परवानगी होती, पण एकदाच, आणि वेगळ्या जागेवरून. डॉक्टरांनी प्रामाणिकपणे दोन्ही रस्ते ठेवले. दुसरा तुकडा घेऊन परत चादर वाढवू, नाहीतर प्रयोगशाळेचा नाद सोडून त्याच दिवशी स्लेट करू. दोन्हींत चांगल्या डोळ्यातून जाणारा ऐवज सारखाच. त्यांनी सल्ला दिला नाही, आणि मला तेव्हा सल्लाच हवा होता.

दोन महिने घोळ घातला. ताईचं मत स्लेट. एक दिवसात काम, रद्द होण्याचा फोन नाही. माझं डोकं वेगळ्या ठिकाणी अडकलं होतं. स्लेटमध्ये पेशी वाढतात की नाही ते डोळ्यावरच कळणार. चादरीत ते आधी कळतं, आणि नाही वाढली तर माझा डोळा कोणी सोलत नाही. जो फोन मला जिव्हारी लागला होता तोच मला आता भरवशाचा वाटायला लागला होता. शास्त्राच्या दृष्टीने हा निर्णय किती बरोबर ते सांगता येणार नाही. दुसऱ्या कुणी स्लेट निवडलं असतं तर मी त्याला अडवलं नसतं. फक्त एक केलं ते चांगलं केलं: चादर पुन्हा फसली तर पुढे काय, हे आधीच लिहून घेतलं. उत्तर होतं, या डाव्या डोळ्याला तिसऱ्यांदा हात लावायचा नाही.

24 सप्टेंबरला दुसरी बायॉप्सी, या वेळी खालच्या बाजूने. आंधळी रात्र पुन्हा, पण आता पावलं मला पाठ होती. मग सोळा दिवस. दुधाने तोंड पोळलेलं, त्यामुळे मी या खेपेला रजाही टाकली नाही, बॅगही भरली नाही. सातव्या दिवशी मॅडमचा फोन: तुकड्यांभोवती पेशी पसरायला लागल्यात. अकराव्या दिवशी: कडा एकमेकींना मिळतायत. तेराव्या दिवशी काहीच फोन नाही आणि मी दिवसभर ऑफिसात एकच तक्ता तीनदा बेरीज करत बसलो. 8 ऑक्टोबरला 'या' म्हणून निरोप आला.

10 ऑक्टोबर 2024, गुरुवार. ऑपरेशन थिएटरच्या दाराशी एक डबा आला. त्यावरचा क्रमांक आणि जन्मतारीख मला मोठ्याने वाचायला लावली, मनगटावरच्या पट्टीशी जुळवली, तीन जणांनी सह्या केल्या, वेळ लिहिली. एकाच्या पेशी दुसऱ्याच्या डोळ्यावर जाऊ नयेत म्हणून हे सगळं. माझ्याच पेशींना आत जायला माझ्यापेक्षा जास्त कागद लागले.

डोळ्याभोवती इंजेक्शन देऊन भूल दिली होती, त्यामुळे बोलणं ऐकू येत होतं. आधी काचेवर चढलेला रक्तवाहिन्यांचा पडदा सोलला, मग रक्त थांबायची वाट. ही वाट लांबते, आणि कुणी बोलत नसतं. मग चादर अंथरली, कडा फायब्रिनच्या गोंदाने चिकटवल्या, वर मऊ कॉन्टॅक्ट लेन्स ठेवली. सव्वा तास. सर्जन उठताना म्हणाले, "छान बसलीय." उशी नीट करण्याबद्दल म्हणतात तसं.

नंतरचे तीन महिने खरे कसोटीचे. स्टेरॉइडचे थेंब दोन-दोन तासांनी, अँटिबायॉटिकचे चार वेळा, रक्तातल्या सीरमचे वेगळे, ते फ्रिजमध्ये. थेंब प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलेच हवेत, आणि तसे छोट्या एकवारी कुप्यांत मिळतात, म्हणून महाग. दोन थेंबांमध्ये पाच मिनिटं सोडायची, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. मी फोनवर अकरा गजर लावले होते. रात्री प्लॅस्टिकची ढाल, तीन आठवडे चेहऱ्याला पाणी नाही, डोळा चोळायचा नाही. झोपेत हात जातो. मी उजव्या हातात मोजा घालून झोपायचो. उगाच हसू नका, उपयोग होतो. सहाव्या आठवड्यात डोळ्याचा दाब 28 वर गेला. दुखत काहीच नव्हतं. स्टेरॉइडने असं होतं, औषध बदलल्यावर उतरला. 'बरं वाटतंय, या वेळची तपासणी राहू दे' असं म्हणून भेट टाळायची नाही, ती यासाठी.

जानेवारी 2025, तिसऱ्या महिन्याची तपासणी. नारिंगी-पिवळ्या रंगाचा थेंब टाकून निळ्या उजेडात बघतात, अस्तर नसेल तिथे हिरवं चमकतं. नाकाकडच्या खालच्या बाजूला छोटं हिरवं बेट होतं आणि तिथे एक-दोन लाल रेघा परत. त्या दिवशी घरी येईपर्यंत मी ताईशी बोललो नाही. उजेड टोचत नव्हता, डोळा दुखत नव्हता, महिन्यापूर्वीपर्यंत यालाच मी सुख म्हणत होतो, तरी नाही बोललो.

मार्चमध्ये बॉस्टनच्या मॅसॅच्युसेट्स आय अँड इअर रुग्णालयातल्या उला जुर्कुनास यांच्या चमूचे निकाल प्रसिद्ध झाले. पद्धत माझ्यासारखीच. चांगल्या डोळ्यातला कण, दोन-तीन आठवडे वाढ, मग प्रत्यारोपण. 14 रुग्ण. तिसऱ्या महिन्यात पूर्ण यश निम्म्या जणांना, बाराव्या महिन्यात 79 टक्क्यांना, अठराव्यात 77. तिघांना दुसऱ्यांदा प्रत्यारोपण करावं लागलं होतं. मी ते तीन महिने आणि बारा महिने असलेलं वाक्य कितीदा वाचलं असेल. 14 माणसं म्हणजे काही मोठी संख्या नव्हे, हे मला कळत होतं. पण जानेवारीचा कागद म्हणजे निकालपत्र नव्हतं, एवढं त्यातून कळलं आणि मी थेंबांकडे परत लक्ष दिलं. एप्रिलच्या तपासणीत बेट भरलेलं होतं.

जो गैरसमज मी वर्षभर बाळगून होतो तो इथे मोडतो. ही शस्त्रक्रिया दृष्टीची नाही, पृष्ठभागाची आहे. नवी चादर आली, तरी तिच्या खालच्या काचेत जळाल्याचा पांढुरका डाग तसाच आहे. ज्यांचा डाग उथळ असतो त्यांना चादरीनंतरच बरंच दिसायला लागतं. माझा खोल होता. 9 ऑक्टोबर 2025 च्या तपासणीत वर्ष पुरं झालं तेव्हा उजव्या डोळ्याला तक्त्यावरचं सगळ्यात मोठं अक्षर दिसलं, 6/60, म्हणजे चांगल्या डोळ्याला साठ मीटरवरून दिसतं ते मला सहा मीटरवरून. ऐकणाऱ्याला हे काहीच वाटत नाही. ऑफिसातल्या एकाने विचारलं, "एवढं करून एवढंच?" मी त्याला मीटरभरावरची बोटं आणि सहा मीटरवरचं अक्षर यांतला फरक समजवायला गेलो आणि मध्येच सोडून दिलं. मी दुपारी काळा चश्मा न लावता बाहेर पडतो, हे त्याला दिसत होतंच.

त्याच भेटीत डॉक्टरांनी डावा डोळाही तपासला, दर वेळी तपासतात. वर बाराच्या जागी आणि खाली सहाच्या जागी, जिथून तुकडे घेतले होते. खालची खूण शोधायला त्यांना दिवा दोनदा फिरवावा लागला.

मग पुढचा कागद समोर आला. नेत्रदानातून मिळणाऱ्या कॉर्नियाच्या यादीत नाव नोंदवण्याचा फॉर्म, 2023 मध्ये भरला होता तसाच. आता कड आहे, अस्तर आहे, बसवलेला कॉर्निया टिकायला वाव आहे. 'या डोळ्यावर यापूर्वी झालेल्या शस्त्रक्रिया' या रकान्यात एकच ओळ होती. ताईने पर्समधून कोरा कागद काढला, त्यावर तारखा ओळीने लिहिल्या आणि फॉर्मला टाचून दिला. त्याचा फोटो मी आधी काढून घेतला.